बघ्याची जागा

आमच्या भोकरदनात 'डिजिटल' या शब्दाला एकच अर्थ आहे. फ्लेक्स. 'साहेबांच्या वाढदिवसाचं डिजिटल लागलं का?' असं सकाळी कुणीतरी विचारतं आणि दुपारपर्यंत चौकात साहेब, साहेबांचे साहेब आणि त्यांच्या पायाशी पोस्टाच्या तिकिटाएवढे चाळीस शुभेच्छुक लटकलेले असतात. त्यामुळे पुण्याहून दिवाळीला आलेली माझी भाची 'मी डिजिटल आर्टिस्ट आहे' म्हणाली, तेव्हा शेजारच्या काकांनी पहिला प्रश्न दराचा केला. दहा बाय पंधराचा, फ्रेमसकट.

तिनं शांतपणे समजावून सांगितलं. लोकांनी इंटरनेटवर एकत्र यावं, गप्पा हाणाव्यात, थोडं खेळावं, कुणी कुणाला काही विकू नये, अशा जागा ती चितारते आणि चालत्या करते. पडद्यावरची अंगणंच म्हणा. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रिकामटेकड्यांसाठी शेड." त्यानंतर मी पुष्कळ शोधलं, पण या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही.

यंदा तिनं घरच्यांसाठी म्हणून खास एक जागा करून आणली होती. लॅपटॉप उघडला तर समोर पार. मधोमध पिंपळ, भोवती दगडी ओटा, ओट्यावर कॅरम, पलीकडे चहाची टपरी, मागे केळणा नदी. केळणा काठोकाठ वाहत होती. हे सगळं काल्पनिक आहे हे मला तिथेच कळलं.

पारावर बसायचं तर आधी ओटीपी. माझ्या आजोबांना जन्मभर पारावर बसायला फक्त टेकायची जागा लागली. त्यांच्या नातवाला मोबाइल नंबर, सहा आकडे आणि अटी मान्य असल्याची खूण लागली. ओटीपी येईना. गच्चीवर गेलो, येईना. पाण्याच्या टाकीला धरून उभा राहिलो तेव्हा आला, आणि जिना उतरेपर्यंत त्याची मुदत संपली.

गंमत अशी की याच गावाला एके काळी चांगली रेंज होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, मोडकी का होईना. तिच्या वळणाची दुसरी मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखालून निघालेली आहे, आणि पॉम्पेई राखेखाली गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. भोगवर्धन म्हणजे आम्हीच. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाचं नाव सांचीपर्यंत पोचत होतं आणि इथल्या वळणाची नक्षी समुद्र ओलांडत होती. आज पुण्याहून निघालेले सहा आकडे आमच्या पाण्याच्या टाकीपर्यंत येतात आणि तिथं दम तोडतात.

तिसऱ्या ओटीपीला मी आत गेलो. मग अवतार निवडायचा होता. आमच्या घरात हा शब्द फक्त आई वापरायची, 'हा काय अवतार केलाय?' असा, आणि त्यावर उपाय अंघोळ हा होता. इथं टोपी, धोतर, मिशी, पोट सगळं हवं तसं ठेवता येत होतं. पोट मी प्रामाणिकपणे ठेवलं.

ओट्यावर चौघं कॅरम खेळत होते. भाचीच्याच ओळखीची पोरं, कुणी पुण्यात बसलेलं, कुणी नाशकात. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. राणी भोकाच्या तोंडाशी होती आणि लाल शर्टवाला ती सोडून भलतीच सोंगटी धरून बसला होता. मी जीभ चावून बघत होतो. इतक्यात तोंडासमोर पाटी आली: 'तुम्ही अजून इथे आहात का?' मी कुठं जाणार? उत्तर कसं द्यायचं ते शोधेपर्यंत पार, पिंपळ, टपरी, केळणा सगळं गुडूप झालं आणि पुन्हा मोबाइल नंबर मागणारं पान आलं.

"मामा, तुम्ही काहीच करत नव्हतात," भाची म्हणाली.

"बघत होतो की."

"त्याला आयडल युजर म्हणतात. पाच मिनिटं हालचाल नाही केली की सिस्टिम बाहेर काढते."

"भोकरदनात त्याला माणूस म्हणतात."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

कॅरमचा बोर्ड कधी उघड्यावर मांडून बघा. खेळायला चौघं लागतात आणि जमतात अठरा. या वरच्या चौदांचं काय काम, असं पुण्यात कुणी विचारेल. एक पावडर टाकतो. एक स्ट्रायकर कसा धरायचा ते सांगतो; त्याची स्वतःची राणी उभ्या जन्मात गेलेली नाही. एक नुसता 'आगागा' म्हणतो. एकाला मागचा डाव आठवत असतो आणि तो दर डावाला त्याची आठवण करून देतो. एक पाठ करून बसलेला असतो आणि सगळ्यात जास्त लक्ष त्याचंच असतं. आमच्याकडे यांना उंटावरचे शहाणे म्हणायची पद्धत आहे, पण उंट काढून घेतला तर डावात राहतं काय? चार माणसं आणि लाकडाच्या एकोणीस चकत्या.

अर्थात चौदा शहाणे कुठल्याही खेळाला जमत नाहीत. सापशिडीभोवती कधी गर्दी पाहिली आहे? सापशिडीत सल्ला द्यायला फटच नाही. फासा पडेल तेवढं जायचं, साप आला तर उतरायचं. ज्ञानेश्वरांनी भावंडांसाठी मोक्षपट केला अशी परंपरा आहे. त्यात ठरवायचं सगळं दैवानं, माणसानं फक्त घरं मोजायची. साधनेला उत्तम, पण बघ्यांना निरुपयोगी. लुडोत तसं नाही. सहा पडले तर नवी सोंगटी काढायची की जुनी पुढे सरकवायची की समोरच्याची मारायची, हे ठरवायला लागतं. ठरवायला लागलं की चुकायला जागा झाली, आणि चुकायला जागा झाली की मागे माणूस उभा राहिलाच.

२०२१ मध्ये पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका अ‍ॅपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती. लुडो हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, असा वाद. दोन्ही बाजूंनी बडे वकील लावण्यापेक्षा कुठल्याही गावच्या पारावरून दोन सल्लागार साक्षीला नेले असते तर काम झालं असतं. ज्या खेळात तिसरा माणूस 'चुकलास लेका' म्हणू शकतो, तो निव्वळ नशिबाचा नाही.

लुडोचं मूळ आपली पचिशी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. इंग्रजांनी ती नेली, कवड्यांच्या जागी फासा आणला आणि १८९६ साली लुडो नावानं पेटंटही घेतलं. पण नेताना वाटेत त्यांनी एक गोष्ट गाळली. पचिशी चौघांची असली तरी दोघं-दोघं एका बाजूला असतात, समोरासमोर बसलेले भिडू. स्वतःची सोंगटी पिकायला आली तरी भिडूसाठी थांबायचं, हा त्यातला खरा डाव. लुडोत भिडू गेला. चार रंग, चार घरं, ज्याचा तो. वसाहतवादावर एवढी पुस्तकं आली, पण या चोरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मग लुडो परत आला तो नवी मुंबईहून. विकास जैस्वाल यांच्या गेमशन कंपनीनं २०१६ मध्ये 'लुडो किंग' काढलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत अर्ध्या देशानं त्यावर सोंगट्या मारल्या. त्या वर्षाअखेर कंपनीनं पन्नास कोटी डाउनलोडचा आकडा सांगितला. मी नावं ठेवणार नाही. त्या उन्हाळ्यात जालन्याची मावशी, कल्याणचा चुलतभाऊ आणि मी रोज रात्री नऊला एका पटावर असायचो, आणि आमचं तिघांचं एरवी कशावरही एकमत नाही. झूमवर एकदा सगळं खानदान बोलावून पाहिलं होतं. मिसळणाच्या डब्यासारखे वाटीवाटीत चेहरे, आणि चाळीस मिनिटं झाली की झाकण बंद. लुडोवर निदान हाताला काम होतं. नंतर खेळताना बोलायची सोयही आली. तरी एक खटकत राहिलं. माझ्या जागेवर बायको बसली की मी बाहेर. मावशीचं काय चाललंय ते बघायला मला बायकोच्या खांद्यावरून वाकावं लागायचं. पन्नास कोटी खेळणाऱ्यांची सोय झाली, वाकणाऱ्या एकाची नाही.

वेरूळच्या कारागिराला ही अक्कल होती. रामेश्वर लेणं, धुमार लेणं, दोन्हीकडे शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. शिवाचा हात 'अजून एकच डाव' म्हणतो आहे, असं मला तरी दिसतं. पार्वतीच्या बसण्यावरून निकाल काय लागलाय ते कळतं. पण माझी नजर तिथं फार टिकत नाही. ती खाली जाते. पटाच्या खाली नंदी आणि त्याच्याशी दंगा करणारे गण आहेत. त्यांचा डावाशी काडीचा संबंध नाही. ना फासा हातात, ना सोंगटी. तरी पाषाणातली एवढी जागा त्यांना दिली आहे, आणि पाषाणात एक वीत जागा काढायला किती दिवस लागत असतील याचा हिशोब करा. तिथल्या कारागिरानं कुणालाही 'तुम्ही अजून इथे आहात का' विचारलेलं नाही. सुमारे चौदाशे वर्षं आहेत.

हे सगळं मी भाचीला जेवताना सुनावलं. आवाज थोडा चढला असावा, कारण बायकोनं करंजीचं ताट माझ्यापासून लांब ठेवलं. भाचीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, लहानपणी सुट्टीत इथं यायचे तेव्हा मामी मला दुधाला पाठवायची. मी कुठल्या रस्त्यानं जायचे माहितीये?"

"पारावरून. जवळ पडतं."

"मागच्या बोळातून. पार टाळून. तुमचे ते चौदा जण कॅरम बघायचे तोवर ठीक होतं. मी आले की कॅरम थांबायचा."

उंटावरून खाली बघितलं तर जमीन बरीच लांब असते.

तिनं मग शांतपणे पुढचं सांगितलं. तिच्या पारावर सुरुवातीला नुसतं बघायची सोय होती. कुणीही यावं, कुणाला न दिसता उभं राहावं. पहिल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी निघून गेल्या. कुणी त्रास दिला नव्हता. पण आपल्याला कोण बघतंय ते कळत नाही, एवढंच पुरलं. म्हणून तिनं पाच मिनिटांची पाटी लावली. "जागा करणाऱ्याचं निम्मं काम चित्राचं असतं," ती म्हणाली, "आणि निम्मं, माणसांना काय करता येऊ नये ते ठरवायचं."

त्यावर तिनं एक किस्सा सांगितला, तो खरा आहे, मी तपासला. २०१२ साली 'जर्नी' नावाचा एक गेम आला. वाळवंटातून डोंगराकडे चालायचं, वाटेत एखादा अनोळखी वाटसरू भेटतो, तो जगात कुठूनही आलेला खरा माणूस असतो. नाव कळत नाही, बोलता येत नाही, फक्त घंटेसारखा सूर काढता येतो. करणाऱ्यांचा, म्हणजे जेनोवा चेन आणि मंडळींचा, हेतू असा की अनोळखी माणसांनी एकमेकांना साथ द्यावी. म्हणून सुरुवातीला त्यांनी एकाला दुसऱ्याला ढकलायची सोय ठेवली होती, चढावर हात द्यायला. लोकांनी काय केलं असेल? एकमेकांना दरीत ढकललं. पुन्हा पुन्हा, आनंदानं. शेवटी ढकलणंच काढून टाकलं आणि जवळ आलं की दोघांनाही बळ मिळेल असं केलं. माणसं तीच. लगेच सोज्वळ झाली, एकमेकांना चिकटून चालायला लागली. आपल्याकडे हे एसटीच्या दारात करून बघायला हवं.

मी त्या रात्री गप्प झोपलो. मराठवाड्यात वादात हरलेला माणूस दोनच गोष्टी करतो: कोर्टात जातो, नाहीतर वाचायला बसतो. कोर्टाला दिवाळीची सुट्टी होती.

वाचताना मला 'हॅबिटॅट' सापडलं. १९८६ साल. आपल्याकडे तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होते, आणि अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे दोघं फोनच्या तारेवरून चालणारं एक चितारलेलं गाव वसवत होते. कमोडोर ६४ नावाच्या घरगुती संगणकावर ते दिसायचं. घरं, रस्ते, झाडं, दुकानं, आणि प्रत्येक माणसाचा एक बाहुला. त्या बाहुल्याला त्यांनी नाव दिलं, अवतार. आज जगभर जो शब्द चालतो तो तिथं रुळला. रॉयल्टी कुणी मागितलेली नाही. विष्णूचे वारस शोधणं अवघड आहे.

या गावाची एक गोष्ट आमच्या तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात सांगण्यासारखी आहे. तिथं वस्तू विकणारी यंत्रं होती आणि वस्तू विकत घेणारीही. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळायची. गावाच्या दुसऱ्या टोकाचं यंत्र तीच बाहुली १०० ला घ्यायचं. हे काही जणांच्या लक्षात आलं. रात्रभर त्यांनी या टोकाची बाहुली त्या टोकाला नेली, मग मिळालेल्या पैशातून महागडे स्फटिकगोळे घेऊन तेच केलं, आणि सकाळी गावातलं एकूण चलन पाचपट झालेलं होतं. गाव वसवणाऱ्यांना घाम फुटला. ज्यांनी हे केलं त्यांनी मात्र तो पैसा ओतून बाकीच्यांसाठी खजिनाशोधाचे खेळ भरवले. इथं आमचं जुळत नाही. आमच्याकडे त्यांनी आधी डिजिटल लावलं असतं.

उलट कर्त्यांनी स्वतः जे खेळ रचले त्यांचं काय झालं? कित्येक आठवडे खपून त्यांनी एक मोठा खजिना लपवला. एका पठ्ठ्यानं तो आठ तासांत हुडकला. बाकीच्यांना खेळ सुरू झाल्याचंही धड कळलं नव्हतं. जागा करणाऱ्यानं कार्यक्रम ठरवू नये, एवढं शहाणपण त्यांनी पुढे लिहून ठेवलं. आमच्या गणेश मंडळांनी ते वाचावं.

पण मी ज्यासाठी जागलो ती गोष्ट वेगळीच. हॅबिटॅटमधल्या एका जागेत सहाच अवतार मावायचे. संगणकाची ताकद तेवढीच. मग सातवा आला तर? त्याला त्यांनी हाकललं नाही. त्याला भूत केलं. भुताला अंग नाही, हात नाही, बोलता येत नाही, काही उचलता येत नाही. ते फक्त बघतं. आणि भूत हजर असलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक डोळा दिसायचा.

मी टाळी वाजवली. रात्रीचे दोन वाजले होते, बायको उठली. पिंपळ, पार आणि त्यावर मुंजा! आमच्याकडे कुठलाही पार त्याशिवाय पुरा होत नाही. मुंजा काही करत नाही, फांदीवर बसतो आणि बघतो. पण तो आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं, झाड कुठलं तेही माहीत असतं, म्हणून तर पोरं तिथून पळत जातात. अमेरिकेतल्या दोन जणांनी संगणकाच्या अडचणीपोटी आमचा मुंजा बसवला आणि त्याला डोळा दिला.

सकाळी चहाबरोबर मी हे भाचीपुढे ठेवलं. भांडण बघ्याशी नाही, न दिसणाऱ्या बघ्याशी आहे. पारावरच्या चौदांचा दोष बघण्यात नव्हता असं मी म्हणत नाही. कॅरम सोडून पोरीकडे बघणाऱ्याला डोळा कितीही मोठा काढला तरी लाज येत नाही, त्याला पारावरून उठवणंच बरं. पण जो डाव बघायला आलाय तो दिसत असला की त्याची सोबत होते. तो दिसेनासा झाला की ती पाळत.

आणि एकदा हे डोक्यात बसलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या. वाचलं की कळणार. ठीक. पण बघ्याला जो मान पारावर होता, की उभा राहा, ऐक, काही बोलू नकोस, कुणी विचारणार नाही, तो गेला. आता निळी खूण उमटली आणि उत्तर नाही गेलं तर मेहुणा लग्नात बोलत नाही. बघ्याला आरोपी केलं. आणि दुसरीकडे खरा बघ्या, जो तुमची प्रत्येक टिचकी मोजतो, कुठल्या जाहिरातीवर बोट किती वेळ थबकलं ते टिपतो, त्याच्यासाठी कोपऱ्यात डोळ्याची खूण कुणी लावलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. ई-स्पोर्ट्स वेगळे, सोशल गेम वेगळे, पैशांचे गेम बंद. बरंच झालं, कित्येक घरं त्या तिसऱ्या प्रकारानं धुतली होती. बघ्याचा उल्लेख मला त्यात कुठं आढळला नाही, ना दिसणाऱ्याचा ना न दिसणाऱ्याचा.

न दिसणाऱ्या बघ्याची ताकद मुंबईत विचारा. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत बसल्या जागी मोबाइलवर रमी चालू असल्याची दिसणारी चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेलं बंद करत होतो, असं ते म्हणाले. असेलही. मुद्दा असा की वरून कुणीतरी बघत होतं आणि त्यांना डोळा दिसत नव्हता. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. शासनाला विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी हा निर्णय फ्रेम करून ठेवावा. दहा बाय पंधराची.

भाचीनं माझं भाषण संपेपर्यंत दोन करंज्या संपवल्या आणि लॅपटॉप ओढला. कलाकार माणसाचं मला एक आवडतं, पटलं की ते वाद वाढवत नाहीत, खोडरबर काढतात. पाच मिनिटांची पाटी तिनं काढली. बघायला आलेला माणूस आता ओट्याच्या कडेला बसलेला दिसतो. त्याला हलता येत नाही, कुणाच्या मागे मागे जाता येत नाही, चित्र काढून नेता येत नाही. तो खेळणाऱ्यांना दिसतो आणि नको असेल तर त्यांनी मान हलवली की जातो. सगळ्या जागा भरल्या तर पिंपळावर, तिसऱ्या फांदीला, एक डोळा उघडतो.

मी एकच जादा मागणी केली. बघ्याला निदान 'आगागा' म्हणायची मुभा हवी. तिनं बराच विचार केला आणि दर डावाला एकदा, असं ठरलं. 'चुकलास लेका'ला परवानगी मिळाली नाही.

केळणेच्या पाण्याचंही मी सुचवलं होतं, की जरा खरं वाटेल इतपत कमी कर. तर म्हणाली, "मामा, एखादी गोष्ट तरी राहू द्या."

ती भाऊबीज उरकून पुण्याला गेली. काल तिचा फोन आला, पार सुरू झालाय, नाशिकची पोरं आहेत, तिच्या दोन मैत्रिणीही परत आल्यात, राणी भोकाच्या तोंडाशी आहे, या बघायला. मी गच्चीवर उभा आहे. ओटीपी अजून आलेला नाही.